कापाचा उतार

धाकट्या,

नाही, माझी कंबर बरी आहे. डोकं तेवढं फिरलंय. रान दाटलं, खाली ऊन पडेना, म्हणून या वयात कुऱ्हाड धरली. चार झाडं बुंध्याशी तोडली, नवे धुमारे फुटावेत म्हणून. काप सपाट पडले, वर पाणी साचलं, बुंधे कुजले. बाबा काप तिरका घ्यायचे, एवढं आठवतं. पण उतार कुठल्या बाजूला? ते तुला हात धरून शिकवायचे आणि मला म्हणायचे, "तू पाणी आण गं." शिकलास तू, आणि जाऊन बसलास दूर खुर्चीत! उरलेल्या झाडांना हात लावायची आता भीती वाटते. हे फोनवर कळत नाही, शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. ये म्हणणार नाही. पुन्हा पत्रही टाकणार नाही. बास, पुढे एक अक्षर नाही.

तुझी ताई