आवाजासाठी घासलेली काच

४ जानेवारी
स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू: दुर्बिणींचे आरसे, लहान-मोठे. त्यातला एकही तक्रार घेऊन परत आलेला नाही. काचेची गोलाई मोजायचं काट्याचं यंत्र, विकतच्याहून अचूक. गच्चीवरची कामाची खोली, दाराच्या बिजागऱ्यांसकट. हे टेबल, डुलत नाही. आमच्या भिंगरीचा पलंग. सगळं वाचून, चुकून, पुन्हा करून. कुणी शिकवलं नाही.

हे लिहायचं कारण— इस्पितळातल्या कारकुनाने विचारलं, मुलीचे वडील काय करतात? ही म्हणाली, "ते घरीच असतात." त्याने तसंच लिहून घेतलं. व्यवसाय: घरी!

रागवायला वेळ नव्हता. भिंगरीचा घसा दुखला होता, बराही झाला. मग गुडघे सुजले. मग घोटे, मग मनगटं, वर ताप. आज डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. हृदयाच्या झडपेला सूज आहे म्हणाले. ठोक्याबरोबर बारीक कुरकुर ऐकू येते. औषध, इंजेक्शन आणि अंथरूण. पळणं नाही, जिना नाही. झडप पहिल्यासारखी होऊ शकते, नाहीही होऊ शकत. मुलीला स्वस्थ ठेवा.

नऊ वर्षं जिला सगळे भिंगरी म्हणतात, तिला स्वस्थ ठेवा!

६ जानेवारी
हिची रजा संपली. ठरलं— दिवसा मी. ज्यावर काच घासतो ते गच्चीवरचं पिंप खाली आणून भिंगरीच्या पलंगाशेजारी मांडलं. काम इथेच करणार. ही पर्स उचलताना म्हणाली, "बघा, मी कारकुनाला खोटं नव्हतं सांगितलं."

८ जानेवारी
दुपारी झोपत नाही. छताकडे बघते, पायांची बोटं हलवते. गोष्ट सांगायला घेतली तर मध्येच चुका काढते. माझ्यावर गेली आहे.

शेवटी कामाला लागलो. कॉलेजच्या दुर्बिणीचा आरसा, आजवरचा माझा सर्वांत मोठा. पिंपावर एक काचेची चकती, तिच्यावर दुसरी, मध्ये कुरुंदाची पूड आणि पाणी. वरची ढकलायची, ओढायची, पिंपाभोवती सरकत राहायचं. वरची हळूहळू खोलगट होते, तोच आरसा. खर्र, खर्र. बघतो तर भिंगरी गाढ झोपलेली. हात थांबवला— डोळे उघडले.

"बाबा, थांबू नका ना."

१५ जानेवारी
रोज तेच. खर्र-खर्रवर ती झोपते, माझं काम पुढे सरकतं. जाड पुडीकडून सर्वांत बारीक पुडीपर्यंत आलो. आता राळेच्या थरावर पॉलिश. पण पॉलिशला आवाज नाही! काच लोण्यावरून गेल्यासारखी सरकते. ती टक्क जागी. विचारते, मशीन बिघडलं का? मशीन म्हणजे मी.

१७ जानेवारी
तोड काढली. त्याच मापाच्या दोन चकत्या काठाचा टवका उडाला म्हणून बाद केल्या होत्या. सकाळी आरशाचं पॉलिश. दुपारी या दोन चकत्या, जाड पूड आणि नुसता आवाज.

पॉलिश असेल त्या खोलीत जाड पूड आणायची नसते. दुसऱ्या कुणी आणली असती तर मी त्याला जिन्यावरून खाली पाठवलं असतं. पण सगळी काळजी घेतली आहे. आरसा ओल्या फडक्यात, वर डबा. दोन कामांना दोन वेगळे ॲप्रन. हात कोपरापर्यंत धुतलेले, फरशी पुसलेली. काय होणार आहे?

२१ जानेवारी
झालं.

२२ जानेवारी
काल पुढे लिहवलं नाही. आरशावर ओरखडा. काठापासून मध्यापर्यंत, कमानीसारखा. एकच कण.

कुठून आला तेही शोधलं. न्हाणीघरात भिंगरीला मी उचलून नेतो, ती गळ्यात हात टाकते. परवा दुपारी जाड पुडीच्या ॲप्रननेच उचललं. कण तिच्या बाहीला लागला. काल सकाळी स्वच्छ ॲप्रनने उचललं, कण माझ्याकडे परत. ॲप्रन दोन केले, पण मधली पोर एकच होती.

मी ओरडलो. काचेवर ओरडलो, पण तिला काय कळणार? रडत म्हणाली, "माझ्यामुळे का?" मनगटावर बोट ठेवलं तर नाडी धावत होती. तिथून पुढे आरसा आठवलाच नाही. ती शांत होईपर्यंत हात सोडला नाही.

आज कॉलेजातल्या बाईंना फोन केला. भौतिकशास्त्र शिकवतात, ऑर्डर त्यांचीच. म्हणाल्या, ओरखड्याने उजेड कमी होत नाही, द्या तसाच. मी म्हटलं, माझ्या हातून तसाच जात नाही. पुन्हा घासेन, उशीर होईल. उशीर हा शब्द कामात पहिल्यांदा वापरला. ही ऐकत होती. जेवताना म्हणाली, "चला, माणसात आलात."

२९ जानेवारी
कॉलेजचा आरसा गुंडाळून गच्चीवर ठेवला. भिंगरी बरी झाली की बघू. खाली फक्त आवाजाच्या चकत्या. आज जाड पूड संपली म्हणून मधली वापरली. आवाज मऊ झाला. तरी झोपली!

९ फेब्रुवारी
ताप नाही. गुडघ्यांच्या वाट्या दिसायला लागल्या. इंजेक्शनला आता रडत नाही, नर्सबाईंकडे बघून नाक मुरडते. मी मुद्दाम आणखी बारीक पूड घेतली. झोपली.

उठल्यावर विचारलं, या काचेचं काय करणार? म्हटलं काही नाही, ती आवाजासाठी आहे. "मग मला द्या." दिली.

२० फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, कुरकुर आहे, पण कमी. मी म्हटलं, मला ऐकू द्या. त्यांनी हसून नळ्या माझ्या कानात घातल्या. काचेतला केसाहून बारीक फरक मी पकडतो; इथे नुसते ठोके ऐकू आले. कुरकुर कुठली ते कळेना. या कामात मी अगदीच नवशिका. पण नळी काढवत नव्हती.

२ मार्च
सर्वांत बारीक पूड. कागदावरून बोट फिरवावं इतकाच आवाज. झोपली.

५ मार्च
हात धुऊन येतो तर आधीच झोपलेली. आवाजाशिवाय! पिंपाशी ओले हात घेऊन उभा राहिलो.

११ मार्च
कुरकुर नाही.

मशीनवर हृदयाचं चित्र काढलं, झडप नीट मिटते. डॉक्टरांनी दोनदा बजावलं की इंजेक्शनं पुढची बरीच वर्षं चालू, एकही चुकवायचं नाही. जिना हळू चढायचा. बसून हलकं काम चालेल. भिंगरीने लगेच विचारलं, काचेला पॉलिश केलं तर? डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, थोडं-थोडं, दमायचं नाही.

हिने बाहेर बाकावर बसून डोळे पुसले. मी पाणी आणायला गेलो आणि नळाशी जरा जास्तच वेळ थांबलो.

१४ मार्च
कॉलेजातल्या बाई चौकशीला आल्या. टेबलावर भिंगरीची काच होती. त्यांनी गोलाईचं यंत्र ठेवून बघितलं, मीही बघितलं. या काठापासून त्या काठापर्यंत काटा हलला नाही. इतकी शुद्ध गोलाई माझ्या हातून कधी आली नव्हती. ही घासताना माझं लक्ष काचेवर नव्हतं. बाई म्हणाल्या, टवक्याचं काही नाही, ऑर्डर म्हणून हीच द्या. फक्त पॉलिश तुम्ही स्वतः करा, दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नका. पूर्ण रक्कम आजच देतात.

उद्या सकाळी भिंगरी पॉलिशला बसणार आहे. तिच्या हातून काठ जास्त घासून खाली बसेल, मध्य उंच राहील. नक्की बिघडेल. तरी बाईंना नाही म्हणालो. एक लाख वीस हजार.