जामसरच्या बाटलीचे अंमलदार

सोमवार, ता. १२ ऑगस्ट १९१८. जव्हार

बाटली आली! खरं तर दोन बाटल्या, एक तांब्याचं नळकांडं, एक नरसाळं आणि आकडे कोरलेला काचेचा पेला. पर्जन्यमापक म्हणतात याला. पेटी उघडताना आमच्या दरबारी कमिटीचे चारही सभासद हजर. अध्यक्षांनी पेला डोळ्याला लावून आरपार पाहिलं आणि म्हणाले, "यंत्र चांगलं आहे."

वरचा हुकूम असा — यंदा पावसानं दगा दिलाय, सबब हे यंत्र जामसरास बसवावं. १५ तारखेपासून एक महिना पाऊस मोजावा. तीन इंचांच्या आत भरला तर दरबारचं कोठार उघडून त्या बाजूच्या पाड्यांना भात द्यायचं. तीन किंवा वर भरला तर कोठार बंद. माणूस नेमणं, त्याच्यावर देखरेख, आकडा वर कळवणं, सगळं आमच्या कमिटीकडे. म्हणजे माझ्याकडे.

आणि हुकुमाच्या शेवटी एक ओळ! "रजिस्टर महिनाभर निर्दोष राहिल्यास सेक्रेटरीस कायम करण्यास हरकत नाही." नऊ वर्षं हंगामी आहे मी. कचेरीतली घंटा माझ्यामागून आली आणि कायम झाली. ओळ चार वेळा वाचली. घरी मुद्दाम सांगितलं नाही, आणि तरी कुटुंबानं रात्री शिरा केला.

बुधवार, ता. १४

जामसरचा ढवळू नेमला. भातशेती करतो, सरळ माणूस. यंत्र त्याच्याच घरापुढे बसवलं. पेला काचेचा, तो कचेरीतच राहणार. ढवळूनं सकाळी बाटली काढायची, गवताचा बोळा घालायचा, चालत इथं आणायची. मी मोजणार. तो रिकामी बाटली घेऊन परत जाणार. बाटल्या दोन आहेत, म्हणजे यंत्र कधी उपाशी राहत नाही.

नेमणुकीवर सभा अडीच तास चालली! दीड तास तर हुद्द्यावरच गेला. 'बाटलीवाला' नको, कोणी भलताच अर्थ घेईल. शेवटी 'पर्जन्य कामगार' ठरलं. मग पट्टा द्यायचा की नुसता बिल्ला? बिल्ला. त्यावर काय कोरायचं ते पुढच्या सभेत.

शुक्रवार, ता. १६

पहिली बाटली! चार सेंट. इंचाचे शंभर भाग, त्यातले चार. कालची तारीख घालून रजिस्टरात पाच मांडले. कच्चा आकडा समासात पेन्सिलीनं असतोच. पाचाच्या पाढ्यानं बेरीज सोपी जाते आणि पानही स्वच्छ दिसतं. निर्दोष म्हणजे निर्दोष!

रविवार, ता. १८

ढवळू भर उन्हात आला. घरी पोर तापानं फणफणलंय म्हणाला. कुटुंबानं पितळी गडू भरून ताक दिलं, घरी घेऊन जा म्हणाली. गडू तिच्या माहेरचा. मनात म्हटलं, साधा तांब्या दिला असता तरी चाललं असतं.

मंगळवार, ता. २०

सभेत एका सभासदांचा सवाल — "ढवळू वाटेत बाटलीतलं पाणी प्याला तर?" खरंच, प्याला तर? सहा मैलांची वाट! एक पर्यवेक्षक नेमावा असा ठराव झाला. तुका हवालदार, पेन्शनीत निघालेला, मिशा अजून नोकरीत. ढवळूनं घाटाच्या ओढ्यापाशी बाटली तुकाच्या हवाली करायची, तुकानं पुढे आणायची. परवापासून.

शनिवार, ता. २४

आकडे वाढलेत! रोज सात, आठ सेंट. पाणी पिणारा ढवळूच होता तर! अध्यक्ष खूश. म्हणाले, "बघा, देखरेख ठेवली की पाऊससुद्धा शिस्तीत येतो."

इथे जव्हारात मात्र थेंब नाही. पण पठारावरचं काय सांगावं, एका शेतात पडतो आणि बांधापलीकडे कोरडं.

बुधवार, ता. २८

कुटुंब विचारत होतं, गडूचं काय झालं. आता बाटली तुका आणतो, ढवळू इकडे फिरकतच नाही. निरोप धाडला. "देतो" असं उत्तर आलं.

शनिवार, ता. ३१

सभा. "तुका प्याला तर?"

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो! अध्यक्षांचे मेहुणे गेली दोन वर्षं त्यांच्याकडे हवापालटाला आहेत. त्यांना अव्वल तपासनीस नेमलं. त्यांनी नाक्यावर खुर्ची टाकून बसायचं, तुकाकडून बाटली घ्यायची, तपासायची आणि कचेरीत आणायची. खुर्ची कमिटीची. छत्री मागितलीय. कशाला? तर पावसाला! सोमवारपासून रुजू.

गुरुवार, ता. ५ सप्टेंबर

आज नऊ सेंट. दहा मांडले. मध्ये काही दिवस मोठ्या सरींचे, चाळीस-पन्नास सेंटही भरले. एका बाटलीवर आता तीन अंमलदार, आणि प्रत्येक नेमणुकीनं पाऊस चढतोय. आणखी दोघं नेमले तर पूर येईल. हे सभेत बोललो नाही. कायम झाल्यावर बोलेन.

सोमवार, ता. ९

"बाटली रोज येते, माझा गडू येत नाही." — कुटुंब. ही माणसं चोर नाहीत. पण गडू गेला हे खरं.

गुरुवार, ता. १२

आज सभेत जामसरच्या आठ-दहा बाया आल्या. पुढे ढवळूची बायको पोशी. तिनं पदरातून भाताची रोपं काढली आणि सरळ टेबलावर टाकली. वाळून कागद झालेली.

"भाताच्या आवणात भेगा पडल्यान. पोरां कंदमुळां खातान. कोठार कदी उघडाल?"

अध्यक्षांनी मला खूण केली. मी रजिस्टर उघडलं. ते समजावून म्हणाले, "बाई, तुमच्या गावाला पाऊस पडतोय. साडेचार इंचांवर झालाय."

"आमच्या गावाला?"

"रोज."

ती बाकीच्या बायांकडे वळली आणि विचारलं, "गे, तुमाला दिसला?" त्या हसल्या. पोशी हसली नाही. अध्यक्ष मात्र गंभीर होते. रोपांना आवक नंबर घालायला सांगितला. घातला, २१४. रोपाला चिठ्ठी चिकटेना, दोऱ्यानं बांधली. बांधता बांधता रोपाचा चुरा झाला. फार लाज वाटली मला.

शनिवार, ता. १४

काल बैलांची दमणी करून जामसरला गेलो. मुक्काम ढवळूच्या शेजारी. आज पहाटे उठून कुडाआड उभा राहिलो.

ढवळू आला. नरसाळं काढलं, बाटली काढली, उजेडाला धरली. ठणठणीत कोरडी. घरात गेला, पळसाच्या पानाचा द्रोण भरून पाणी आणलं, अगदी हळू बाटलीत ओतलं, बोळा घातला. आणि बाटलीला हात जोडले!

मी पुढे झालो. "हे काय, ढवळू?"

तो मुळीच दचकला नाही. "दरबाराचा भांडा हाय, रावसाहेब. रिता कसा धाडू? आमच्यात नाय धाडत."

"पण मी तर रोज रिकामीच देतो ना?"

"तुमी देता. तुमी मोठं लोक." मग माझी कीव आल्यासारखा म्हणाला, "पानी पडला तर मी नाय घालत. आभाळाचा नि घरचा, दुनी पानी एकात नको."

माझ्या आईनंही शेजारणीची वाटी कधी रिकामी धाडली नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर. ढवळूनं साखरेच्या जागी पाणी घातलं, आणि स्वतःच्याच गावाचं कोठार स्वतःच्या हातानं बंद केलं. हे सांगितलं तेव्हा त्यानं बाटली खाली ठेवली. "माज्या हातानं?" एवढंच म्हणाला. दोनदा म्हणाला.

रविवार, ता. १५

शेवटची बाटली मोजून झाली. तिघांना कचेरीत बोलावलं.

तुका सावधान उभा राहून बोलला, "घाटात बाटली हिंदकळते, बोळ्यातून गळते. सरकारी माल कमी भरला तर जबाबदारी माझी! म्हणून ओढ्यावर भरून घेतो." मेहुण्यांना तर आश्चर्यच वाटलं. "वाफ! उन्हात वाफ होते. ती मी परत घालतो. शास्त्र आहे ते."

तिघेही प्रामाणिक! एक जरी चोर असता तरी काम सोपं झालं असतं.

रोजच्यासारखं पाणी पेल्यात ओता म्हटलं. ढवळूचे चार सेंट, तुकाचे तीन, मेहुण्यांचे दोन. दिवस मोजून हिशेब केला. तिघांचं मिळून एक इंच अठ्ठ्याण्णव. रजिस्टरातली बेरीज पाच इंच पाच. वजा जाता तीन इंच सात.

तीनच्या वर! सात सेंटांनी कोठार बंद. पुन्हा केलं. तेच. ढवळू भिंतीला टेकून माझ्या बोटांकडे बघत होता. त्याला आकडे येत नाहीत, पण माझं तोंड वाचता आलं. उठला आणि गेला.

त्याच दिवशी, दिवेलागणी

समासातली पेन्सिल! चाराचे पाच, सहाचे दहा, नवाचे दहा. एकतीस दिवस मी पान स्वच्छ ठेवत होतो. माझी भर एकावन्न सेंट. खरा पाऊस दोन इंच छप्पन्न.

बाटलीवरचा चौथा अंमलदार मीच! आणि माझ्यावर देखरेखीला कोणी नेमलेलंच नाही. हे कोणाला कळणार नाही. पेन्सिल आहे, खोडता येते. तिघांवर घालून आकडा वर धाडला तर तीन इंच सात, माझं रजिस्टर निर्दोष, मी कायम. उद्या टपाल जायचं आहे. भीती वाटते.

सोमवार, ता. १६

लिहिलं. चौघांचीही नावं, माझं पहिलं. कुटुंबाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नऊ वर्षं हंगामात काढली, दहावं काढू." मग स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजली.

मंगळवार, ता. १७

सभा. रजिस्टर सदोष, म्हणून मला काढलं. मी विचारलं, ठराव लिहू का? अध्यक्ष म्हणाले, "हंगामी माणसाला काढायला ठराव लागत नाही." नऊ वर्षांत हंगामी असण्याचा हा एवढाच उपयोग झाला.

तुकाला समज. मेहुण्यांना माझ्या जागी नेमलं. कायम. ढवळूला बिल्ला मंजूर झाला, पण बाटलीच बंद.

बुधवार, ता. २५

वरून हुकूम आला. दोन इंच छप्पन्न मान्य. कोठार उघडलं!

सोमवारपासून मोखाड्याला एका व्यापाऱ्याकडे लिहिण्याचं काम बघायला जाणार. तिथे माझ्यावर कोणाची देखरेख असेल ते आधी विचारून घेईन.

शुक्रवार, ता. २७

दुपारी पोशी आली. अंगणातच उभी राहिली. पदराआडून गडू काढून कुटुंबापुढे धरला. चिंचेनं घासून लखलखीत केलेला. आत तळाला दोन मुठी तांदूळ, कोठारातले.

"इतके दिस घरात कायच नव्हता, बाई. रिता कसा देऊ?"

कुटुंब गडू घेऊन आत गेलं. बराच वेळ बाहेर आलं नाही.