दगडवाल्याला थांबव

प्रिय जुमाना,

परवा फोनवर तू मला, तुझ्या आजीला, वोवो, वोवो करत राहिलीस आणि फोन बंद पडला. आमच्याकडची लाइन गेली असं तुला वाटलं असेल. लाइन चांगली ठणठणीत होती, मीच ठेवला. तू काही वावगं बोलली नव्हतीस. आईच्या कबरीचा दगड करायला टाकलायस, त्यावर वदाद या नावाखाली जन्माची तारीख आणि गाव बरोबर लागलंय ना एवढंच विचारत होतीस. वर म्हणालीस की लेकीला, लाइसला गाडीत घालून सेरा वर्मेल्याला जाणार, तिथली लाल माती पिशवीत भरून तुमच्या फोझला आणणार, आईच्या जन्मगावची माती आईच्या अंगावर घालणार. चांगली पोरगी आहेस तू. म्हणूनच माझ्याच्यानं पुढचं ऐकवेना. आता नीट ऐक. दगडवाल्याला थांबव. हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईतो त्याला छिन्नीला हात लावू देऊ नकोस.

अक्षर वाकडं आहे, ते सोसून घे. अरबी मला आजही लिहिता येत नाही, आमच्या लहानपणी मुलींना शाळेत घालणं म्हणजे शेळीला चप्पल घालणं. जी काही अक्षरं आली ती तिकडची, ब्राझीलची, पोर्तुगीज, सेरा वर्मेल्याच्या जेनोवेवाबाईनं शिकवलेली. बाई माझी शेजारीण, विधवा, तोंडानं माझ्याहून तिखट. डब्यांवर चिठ्ठ्या लावायची, तांदूळ, काळा घेवडा, मीठ, आणि म्हणायची, "रोज़ा, वाच. नाही वाचलंस तर कॉफीत मीठ पडेल आणि तुझा तुर्क तुला सोडून जाईल." माझं नाव वर्दे, पण तिथं कुणाच्या जिभेवर ते बसेना, म्हणून मी रोज़ा. तुझे आजोबा नायेफचे नेल्सन झाले. तुर्कांशी आमचा काही संबंध नव्हता, तरी तिकडच्यांना आम्ही अरब म्हणजे सगळे तुर्क. असो. सांगायचं एवढंच की माझ्याकडे लिहायला ही एकच भाषा आहे, आणि तीही डब्यांवरची.

पत्र गावातल्या उम्म तारेकच्या, तिकडे निघालेल्या नातवाबरोबर पाठवतेय, पाकिटाला पिठाची खळ दोनदा लावलीय, कारण उम्म तारेकला वाचण्याची फार आवड. या गावात गुपित ठेवायचं तर भाषा तरी कुठली वापरायची? वाण्याच्या पाटीवर पोर्तुगीज, पत्ते खेळणारे म्हातारे शिव्या देतात त्या पोर्तुगीजमध्ये, आणि दुपारी दोन वाजता बायका तिकडच्या मालिका लावून रडत बसतात. अर्धं गाव तिकडे जाऊन आलंय, उरलेलं अर्धं तिकडे जन्मून इकडे आलंय. त्यामुळे माझी मोठी पंचाईत झालीय. तुझी आई गेल्याचा फोन आला त्या आठवड्यापासून, दुपारच्या नमाजानंतर मी जरा आडवी झाले की अंगणातल्या तुतीखालून एक पोर हाक मारतं. "कोलो." तुला सांगायला नको, तुझी लाइस पण म्हणायची, हात वर करून, म्हणजे मला उचल. पहिल्यांदा मी काठी घेऊन बाहेर गेले. कुणी नाही. दुसऱ्यांदा पलीकडच्या घरातल्या सुनेला झापलं, तुझी कार्टी माझ्या अंगणात सोडू नकोस म्हणून. ती म्हणाली, "काकी, माझी पोरं झाहले शहरात गेलीत, आजोळी." आमच्याकडे हे असं आहे बघ, भूत आहे की शेजाऱ्याचं पोर हे भाषेवरून ओळखता येत नाही.

तर वदाद. वदाद सेरा वर्मेल्यालाच जन्मली, हे खरं. अकरा ऑगस्ट एकोणीसशे सत्तावन्न, सकाळी, जेनोवेवाबाईच्याच हातावर. कागदावर आहे ते खोटं नाही. मी वीस वर्षांची होते. तुझे आजोबा सुटकेसमध्ये कापडाचे तागे, गुंड्या, कंगवे भरून कॉफीच्या मळ्यांवर फिरायचे, पंधरा-पंधरा दिवस घरी नाही. पोरगी तिथली म्हणून बापाला देशात राहायची मुभा होती, कुणी हाकलू शकत नव्हतं. म्हणून तो जन्माचा कागद आमच्या घरात कुराणाशेजारी, पत्र्याच्या डब्यात. वदाद गोरी नव्हती, गुबगुबीतही नव्हती, पण एक क्षण गप्प बसत नसे. घरात मी अरबी बोलले तरी तिच्या तोंडून निघायचं ते बाईचं, पोर्तुगीज. पाणी, मांजर, कोलो. सगळे मिळून नऊ-दहा शब्द असतील. अरबीचा एकसुद्धा नाही. मी चिडायचे.

डिसेंबर अठ्ठावन्नमध्ये तिला जुलाब लागले, वर ताप. तीन दिवस. तुझे आजोबा मळ्यांवर होते. जेनोवेवाबाईनं जे करता येईल ते केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरीनं माझ्याकडे हात केले, तोच शब्द बोलली, आणि मी विस्तवावर पाणी ठेवत होते म्हणून म्हटलं, थांब गं, आलेच. पाणी उकळलं तेव्हा उचलायला काही उरलं नव्हतं.

हे मी साठ वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. रडू नकोस, पुढे वाच.

बाईनं आपल्या घराण्याच्या जागेत, दफनभूमीच्या भिंतीलगत पेरूच्या झाडाखाली, खड्डा काढून घेतला. खणणाऱ्याला शर्टाचं कापड दिलं, त्यानं काही विचारलं नाही. क्रूस मी लावू दिला नाही, तेव्हा ती औषधाच्या निळ्या बाटल्या घेऊन आली आणि उलट्या खोचून मातीला किनार केली. पाचव्या दिवशी तुझे आजोबा आले. उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "कचेरीत कुणी विचारलंय का? नाही ना? मग आपण कशाला सांगायचं?" मी म्हटलं निदान दगड लावू, नाव घालू. ते म्हणाले, "नाव कोरलं की कागद मेला. कागद मेला की मी गेलो." बाई दारात उभी होती, तिनं ऐकलं. म्हणाली, "कुत्रं पुरलं तरी माणूस त्याचं नाव घेतो, रोज़ा." त्यानंतर ती तुझ्या आजोबांशी बोलली नाही. माझ्याशी बोलायची, पण डब्यांवरच्या चिठ्ठ्या तिनं बंद केल्या.

दोन महिन्यांत इकडून सासरे वारल्याची तार आली, जमिनीच्या वाटणीसाठी आम्ही परत आलो. मी घरात पोर्तुगीज बंद केली, एक शब्द नाही. साठ सालच्या एकोणीस जानेवारीला याच खोलीत, बर्फ दाराशी कमरेएवढा, मला दुसरी मुलगी झाली. तिचं नाव मी ठेवलं सल्वा. दहा महिने ती सल्वा होती. मग गावकारभारी मुख्तार नोंदीला आला, रजिस्टर उघडून बसला, आणि तुझ्या आजोबांनी पत्र्याचा डबा खाली काढला. "पोरीचा कागद आहे की आपल्याकडे. ब्राझीलचा. इथला करून काय मिळणार?" मुख्तार हसला, कॉफी पिऊन गेला. असं करणारे आम्ही पहिले नव्हतो, शेवटचेही नाही. तिकडचा कागद म्हणजे सोनं, तो जमिनीत कोण पुरतं? सल्वा कुठल्याच रजिस्टरमध्ये आली नाही. वदाद सगळ्या रजिस्टरांत राहिली.

तू हुशार आहेस, तुला कळलं असेल सल्वा म्हणजे कोण.

त्यानंतर महिनाभरात ती माझ्यासमोर उभी राहिली, याच तुतीखाली, नुकतीच पावलं टाकायला लागलेली. दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, कोलो. तिच्या कानावर तो शब्द कधी पडला नव्हता. झोपेत मी बडबडले असेन, असं मी मनाला सांगत आले. तुझे आजोबा खुश, "बघ, कागद बोलायला लागला!" मी तिच्या थोबाडीत मारली. वर्षाच्या पोरीच्या. त्या दिवसानंतर तुझ्या आईनं मला उचलून घे असं कधी म्हटलं नाही.

कागदाप्रमाणे तिला शाळेत घातलं तेव्हा वर्गातली सगळ्यात लहानखुरी तीच. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिला जरा खाऊ घाला. सगळ्यांचे दुधाचे दात पडले, हिचे पडेनात. एकदा तिनं चांगल्या घट्ट दाताला दोरा बांधून दुसरं टोक दाराला बांधलं आणि धाकट्या चुलतभावाला म्हणाली, जोरात लाव. तोंडभर रक्त. मी ओरडले तर म्हणते, "आई, मी मागे पडतेय ना." तेव्हा तरी मला कळायला हवं होतं.

पंच्याहत्तरला इकडे लढाई पेटली. त्याच उन्हाळ्यात फोझहून तुझ्या बापाचं स्थळ आलं, दुकान, घर, माणूस सरळ. तुझा बाप वाईट नव्हता गं, आणि त्याला ठाऊकही नव्हतं. आजोबा म्हणाले, "कागदावर अठरा लागताहेत. बॉम्ब पडायच्या आधी निघू दे." कागदावर अठरा. माझ्या हिशेबानं साडेपंधरा. तिची पाळी सुरू होऊन सहा महिने झाले नव्हते. मी गावात तोंडाची फाटकी म्हणून ओळखली जाते, मुख्तारपासून इमामापर्यंत कुणाला सोडलं नाही. त्या दिवशी मी बोलले नाही. वाचली ती, हे खरं. चुलतभाऊ वाचला नाही, ज्यानं दार लावलं होतं तो. म्हणून मी आजवर म्हणत आले की बरंच झालं. पण ते मी लढाईच्या भीतीनं केलं की गप्प बसायची सवय लागली होती म्हणून, हे माझं मला सांगता येत नाही.

टॅक्सीत बैरूतपर्यंत मी तिच्याकडून घोकून घेत होते. गाव? सेरा वर्मेल्या. तारीख? अकरा ऑगस्ट. कॉफीचे मळे होते का? होते. मग तीच म्हणाली, हळू, ड्रायव्हरला ऐकू न जाईल असं, "आई, ती दिसायला कशी होती?" कुणी सांगितलं होतं, कधीपासून ठाऊक होतं, देव जाणे. मी काय म्हटलं असेन? म्हटलं, "गप बस, पासपोर्टच्या साहेबासमोर असलं काही तोंडातून काढशील." ती गप्प बसली. बेचाळीस वर्षं. दर अकरा ऑगस्टला तू तिच्यासाठी केक करायचीस ना, आणि ती एक तुकडा वेगळा काढून खिडकीत ठेवायची? तू मला हसून सांगायचीस, मामाई चिमण्यांना केक घालते. मी इकडे फोन कानाला लावून उभी.

गेल्या हिवाळ्यात दवाखान्यातून तिनं फोन केला. तू औषध आणायला खाली गेली होतीस. माझ्याशी ती नेहमी अरबीत बोले, त्या दिवशी पोर्तुगीजमध्ये बोलली. म्हणाली, "आई, तिचं नाव मी जपून वापरलं. डाग पडू दिला नाही. आता तिचं तिला देऊन टाक." मी म्हटलं, काहीतरी बरळू नकोस, औषध घे. तिच्याशी माझं शेवटचं बोलणं ते. चार दिवसांनी तुझा फोन आला.

आता का लिहितेय ते ऐक. तुझ्या आईच्या मृत्यूची नोंद झाली, तुझ्याकडे शिक्क्याचा दाखला आहे. म्हणजे कागद मेला, जुमाना. आता नाव कोरल्यानं कुणी हाकलला जाणार नाही, कुणाचं काही अडणार नाही. तेव्हा दगडवाल्याला सांग, एक नाही, दोन दगड हवेत. फोझच्या दगडावर सल्वा लिही, एकोणीस जानेवारी साठ, आणि गाव आमचं. लोक विचारतील, विचारू देत, माझ्याकडे बोट दाखव. दुसरा दगड लहान कर, गाडीत घाल, लाइसला घे आणि सेरा वर्मेल्याला जा. माती आणायला नको. दफनभूमीच्या मागच्या भिंतीशी पेरूचं झाड असेल किंवा नसेल, पण जरा उकरलंस तर निळी काच लागेल. तिथं तो लाव. त्यावर वदाद लिही आणि तारीख तीच, अकरा ऑगस्ट, ती तिचीच आहे. मग खाली वाक आणि मोठ्यानं हाक मार, लाजू नकोस. तिला अरबी येत नाही, तुमच्या भाषेत सांग. सांग की पाणी उकळत होतं म्हणून उशीर झाला. तिच्या आईचे गुडघे गेलेत, तिला येववत नाही, पण तिनं नाव पाठवलंय.

तुझीच,
वोवो वर्दे
(तिथं कुणी म्हातारं माणूस भेटलंच, तर त्याला रोज़ा सांग.)