परातीत मोजलेला रेणू

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्या शाबासकीत अडकून पडले आहे. नववीत तुम्ही आम्हाला रेणूची जाडी मोजायला लावली होती. डोळ्यांना न दिसणारी वस्तू, आणि साहित्य काय, तर परात, पाणी, पावडर आणि सुईच्या टोकावरचा तेलाचा थेंब! थेंब पसरत पसरत एका रेणूइतका पातळ होतो, पावडर बाजूला सरते, तो गोल मोजायचा आणि थेंबाच्या घनफळाला गोलाच्या क्षेत्रफळानं भागायचं; गोल जितका लहान, तितका आकडा मोठा.

परात मी घरून आणली, इतवारीच्या बाजारातून घेतलेली पितळी. शाळेत चालली म्हणून आईनं ती चिंचेनं घासली आणि वर तेलाचा हात फिरवून चकचकीत केली. बिचारीला काय ठाऊक! पाण्यावर आधीच तेल, मग माझा थेंब पसरणार कुठे? रुपयाएवढा गोल करून बसला तिथंच. तुम्ही मागून येता, म्हणता, "काहून वं, अजून मोजलं नाई?" मी घाबरून पुस्तकातलं उत्तर वहीत उतरवते. तुम्ही ती वही वर्गभर फिरवता. त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या वस्तीत आलात आणि गिरणीतून नुकत्याच परतलेल्या बाबांना म्हणालात, "भाऊ, पोरीले सायन्सले टाका. हिनं रेणू मोजला." बाबांनी माझं लग्न ठरवत आणलं होतं, ते थांबलं. माझं कॉलेज, बी.एड., ही नोकरी, सगळं त्या एका खोट्या आकड्यावर उभं आहे. बाबा तर येईल-जाईल त्याला रेणू सांगत बसायचे. मेलं, मला तोंड लपवायला जागा नसायची.

आता तुमच्याच शाळेत, त्याच वर्गात मी तो प्रयोग घेते. काल एक मुलगी वही घेऊन आली. आकडा पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी पट मोठा. "बाई, मले तर एवढंच आलं. तीनदा केलं." परात कोणी घासली, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. पण धीर झाला नाही, सर. रेणू मोजलेल्या बाई म्हणून हेडमास्तर दर वर्षी माझी ओळख करून देतात ना! मी म्हटलं, "पुस्तकात पाहा." तिनं रबरानं आपला आकडा खोडला आणि पुस्तकातला लिहिला. मी खाली सही केली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. पत्ता असता, तर खुशाली कळवून मोकळी झाले असते.