चौथा खांदा

न्यूफाउंडलंड, मंगळवार

प्रिय लोरेटा, थोरल्या भावाचा तुला आशीर्वाद.

पातेल्यावर पळी आपटल्याचा तो ठणठणाट आठवतो ना? खाडीतल्या होड्यांनाही कळायचं, आईचा मासा तळून झालाय. काल तिच्या शवपेटीशी बसलो होतो, तेव्हा कानांत तोच घुमत होता.

इकडची काळजी करू नकोस. खुब्याचं ऑपरेशन झालंय तुझं, कॅल्गरीहून आली नाहीस तेच बरं. चालायला लागलीस का? आई पुढच्या खोलीत शांत निजली आहे. भोवती नाती बसल्यात, आजीनं विणलेले मांडीपर्यंतचे मोजे घालून. "पाय वाढतील," म्हणायची. धाकटी नात चाळिशीची आहे!

मी शाळेतली समुद्राची कविता म्हणायला उभा राहिलो. ब्रिजिट मावशी म्हणाली, "सिरिल, बस खाली. मेलेल्या बाईला तरी झोपू दे!" सगळे हसले. मीही हसलो.

फक्त एकच सल आहे. चारही मुलग्यांनी खांदा द्यावा, ही आईची शेवटची इच्छा. आम्ही तिघेच आहोत. बाबांची होडी विकण्यावरून भांडून गेलेला अँब्रोज फोनही घेत नाही. उद्या शेजारच्या गसचा खांदा घ्यायचं ठरलंय.

हे लिहितोय तोच दार वाजलं. आपल्या गावात दार कोण वाजवतं? पोलीस, नाहीतर पाद्री; बाकीचे सरळ आत येतात. मावशीनं दार उघडलं आणि कडाडली, "अँब्रोज! आईच्या घराचं दार वाजवतोस? परका झालास का रे? आत ये, चहा गार होतोय."

लोरेटा, पत्र इथंच ठेवतो. आम्ही चौघे झालो.

तुझा,
सिरिल