केबलशिवाय एक फेरी

रविवार, ५ ऑक्टोबर

मॉडेल एअरप्लेन क्लबची हंगामपूर्व सभा इंदूरला बड़ा गणपतीजवळ, अध्यक्ष दत्तोपंतांच्या घरी पार पडली. नवा हंगाम रविवार, २ नोव्हेंबर रोजी सांवेरच्या मैदानावर सुरू करावा, असा ठराव मी सचिव या नात्याने मांडला. अनुमोदनही मीच दिले, कारण इतरांच्या तोंडात जलेबी होती.

दत्तोपंत ऐंशीचे झाले. हंगाम सुरू होईल त्याच दिवशी ते पद सोडणार. पुढचा अध्यक्ष म्हणून माझे नाव त्यांनीच सुचवले. देवेंद्र मध्येच बोलला. याचे पोलोग्राउंडला वर्कशॉप आहे आणि तो सभेतही लेथ चालू असल्यासारखा बोलतो. "अध्यक्ष बना ना गोपीनाथजी, कोण मना करून राहिलं आहे? पण ते तुमचं कलम अकरा (ब)?"

कलम अकरा (ब) गेल्या वर्षी मीच लिहिले. अध्यक्ष होणाऱ्या सभासदाने स्वतः बांधलेले विमान कोणाच्याही साहाय्याविना उडवून सुखरूप उतरवलेले असावे. क्लबचा दर्जा राखण्यासाठी असे कलम आवश्यकच होते. लिहिताना मी एवढेच गृहीत धरले होते की तोपर्यंत मला उडवता येऊ लागले असेल.

२ नोव्हेंबरला सर्वांसमक्ष अट पूर्ण करीन, असे सभेला सांगितले. टाळ्या झाल्या. विशेष काही वाटले नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

संकल्प. पहाटे उठणे. रोज कॉम्प्युटरवर सिम्युलेटरचा सराव. पोह्यांवर सेव निम्मी.

मार्चमध्ये कंपनीने अकाउंट्स विभाग गुंडाळला आणि मला मुदतीपूर्वी निवृत्ती मिळाली. तेव्हापासून वेळेची अडचण नाही. निरोपसमारंभात एका सहकाऱ्याला रडू आले. त्याला पाणी मीच आणून दिले.

माझे विमान तयार आहे. दोन वर्षे बांधले. फिकट पिवळा रंग, पंखांच्या प्रत्येक फळीला सँडपेपर, वर व्हार्निशचे चार हात. वजन नकाशात दिल्यापेक्षा काहीसे अधिक भरले आहे. मजबुतीच्या दृष्टीने हे हिताचेच.

बुधवार, ८ ऑक्टोबर

पहाटे उठणे जमले नाही. सिम्युलेटरने अपडेट मागितले. ते होईपर्यंत खुर्चीत बसलो. ते झाल्यावरही बसलो होतो, असे पत्नी स्मिताचे म्हणणे. कसला विचार चालू आहे, असे तिने विचारले. उड्डाणाचा, असे सांगितले. वस्तुतः कसलाच चालू नव्हता.

रविवार, १२ ऑक्टोबर

पहिला धडा. शिक्षक अनीश. हा मूळचा नाशिकचा, दोन वर्षांपूर्वी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी इंदूरला आला. वय एकोणतीस. क्लबमधला सर्वोत्तम पायलट, फक्त बुटांच्या नाड्या बांधत नाही.

पद्धत अशी. शिक्षकाचा एक ट्रान्समीटर, शिकणाऱ्याचा एक, दोहोंना जोडणारी केबल. शिक्षकाच्या हातात एक स्विच असतो. तो दाबून धरला की विमान शिकणाऱ्याचे ऐकते. सोडला की पुन्हा शिक्षकाचे. उत्तम व्यवस्था आहे. जबाबदारी कोणाची, हे कोणत्याही क्षणी स्पष्ट असते.

विमान क्लबचे. अनीशने वर नेले आणि स्विच दाबला. विमान तडक कापणीला आलेल्या सोयाबीनकडे निघाले. जमीन ट्रॅक्टरच्या उंचीइतकी उरली असताना त्याने परत घेतले. मी ट्रान्समीटरची काठी उलट्या दिशेला दिली, असे त्याचे मत. विमान आपल्याकडे येत असताना त्याचे डावे ते आपले उजवे होते, हा मूळ रचनेतला दोष मी त्याच्या निदर्शनास आणला. त्याने आणखी दोनदा स्विच दिला. दोन्ही वेळा तोच दोष आढळला.

मग त्याने विमान पुन्हा वर नेले. नंतर म्हणाला, "काका, आता मी काही बोलत नाही. तुम्ही उडवा."

त्यानंतरचे संपूर्ण उड्डाण निर्दोष झाले. शिक्षक बोलायचे थांबले की शिक्षण सुरू होते, हे मी ऑफिसातही पाहिले आहे.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

विमान उडवताना कसे वाटते, असे स्मिताने विचारले. साधारण दोनशे फूट, असे उत्तर दिले. उंची विचारली नव्हती, असे म्हणून ती भाजी निवडू लागली.

रविवार, १९ ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर आल्यामुळे मैदानावर अनीश आणि मी दोघेच. सलग तीन उड्डाणे. प्रगती स्वतःलाही अनपेक्षित. एकदा दोन्ही हात सोडून चष्मा पुसला. तेवढ्यात विमानाने एक पूर्ण वर्तुळ घेतले. पकड बसली की यंत्र शांत होते.

एकदा उजवीकडे वळवायला गेलो, तर विमान डावीकडे वळले. नंतर लक्षात आले की उजवीकडे बाभळ होती. म्हणजे माझे हात आता माझ्या बुद्धीच्या पुढे धावू लागले आहेत. वाचनात असे आले आहे की कसलेल्या पायलटांना हा अनुभव येतो.

उतरवणे तर इतके अलगद झाले की अनीशने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो संध्याकाळच्या गाडीने नाशिकला गेला. परत येईपर्यंत सराव सिम्युलेटरवर करावा, असे बजावून गेला. सिम्युलेटरला आता माझ्या पातळीचे काही शिकवता येईल, असे वाटत नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भाऊबीज. स्मिताचा भाऊ यतीन सहकुटुंब आला होता. त्याला विमान उतरवण्याची क्रिया अनारशाच्या साहाय्याने समजावली. धावपट्टी म्हणून ताटाची कड. रात्री स्मिता म्हणाली की मी ती तीनदा समजावली आणि तिसऱ्या वेळी यतीन नव्हताच, त्याची बायको होती.

मग म्हणाली, की २ तारखेला ती मैदानावर येणार. इतक्या वर्षांत ती कधी आलेली नाही. तिथे धूळ फार असते, असे सांगितले. चालेल, म्हणाली.

रविवार, २६ ऑक्टोबर

मैदानावरील गवत कापून घेतले. अनीश अजून नाशिकला. देवेंद्रने आग्रह धरला: "पुढल्या रविवारी तमाशा नको ना भिया, आज एक चक्कर मारून घ्या बिना केबल. कोणी नाही पाहून राहिलं."

वारा प्रतिकूल असल्याचे सांगितले. त्याने गवताची एक काडी उपटून समोर धरली. ती हलली नाही. जमिनीलगतच्या काडीवरून वरच्या थरातील वाऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, हे मी त्याला समजावले. तो म्हणाला, बरोबर आहे, आणि ती काडी दातांत धरून निघून गेला.

भीतीचा प्रश्न नाही. पहिले एकट्याचे उड्डाण पूर्वनियोजित दिवशीच व्हावे, एवढेच.

बुधवार, २९ ऑक्टोबर

पहाटे उठण्याचा संकल्प स्थगित. हंगाम सुरू झाल्यावर तो आपोआप अमलात येईल.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

अनीशचा फोन. रविवारी केबल लावूनच उडवू या, असे त्याने सुचवले. कलमाची आठवण करून दिली. मग ते कलमच बदलू या, म्हणाला. नियम माणसाच्या सोयीने बदलायचे नसतात, असे सांगितले. मग त्याने अडखळत विचारले, की मी आजारी वगैरे पडू शकतो का. प्रकृती उत्तम असल्याचे सांगितले.

शिष्याच्या परीक्षेचा ताण शिक्षकाला अधिक असतो.

रविवार, २ नोव्हेंबर, सकाळ

निघत आहोत. स्मिताने नवी साडी नेसली आहे. विमान मागच्या सीटवर उशी ठेवून आडवे निजवले आहे. आकाश निरभ्र, वारा नाही. या बाबतीत हवामानाने मला कोणतीही सवलत दिलेली नाही.

रविवार, २ नोव्हेंबर, सायंकाळ

घटनाक्रम असा.

दत्तोपंतांनी नारळ फोडला. त्यांना खुर्ची दिली, स्मिता त्यांच्या शेजारी उभी राहिली. मी तपासणी केली. बॅटरी, पंख बांधायचे रबर, सुकाणूंची हालचाल, सर्व योग्य. अनीशने केबल हातात घेतली होती. "काका, अजूनही," एवढेच तो म्हणाला. मी ती त्याच्याकडून घेऊन, गुंडाळून, पेटीत ठेवली.

विमान उठले. ही वस्तुस्थिती आहे आणि ती नोंदली जावी. त्यानंतर ते उजवीकडे कलले. मी दुरुस्ती केली. ते आणखी कलले. पुढे ते उपस्थितांच्या डोक्यांवरून गेले. देवेंद्रने दत्तोपंतांना खुर्चीसकट खाली पाडले, हे योग्यच केले. विमान पोह्यांच्या पातेल्याजवळ जमिनीत नाक खुपसून थांबले. पोहे सुरक्षित. व्हार्निशला तडा नाही, पण ज्या लाकडावर ते होते ते लाकूड उरलेले नाही.

कोणी हसले नाही. हसतील असे वाटले होते. देवेंद्रने स्वतःच्या गाडीतून सिमेंटची रिकामी गोणी आणली आणि तुकडे वेचले. लहान तुकडेसुद्धा. "होऊन जातं भिया," म्हणाला, तेही हळू आवाजात.

तांत्रिक कारणांचा अहवाल आठवड्यात द्यावा, असे मी ठरवले आणि तसे अनीशला सांगितले. पहिला मुद्दा वजन, दुसरा मुद्दा उजव्या पंखाचा कोन, कारण इतके दिवस ज्या हातांनी निर्दोष उड्डाणे केली त्या हातांत एकाएकी बदल होणे संभवत नाही. तो गाडीच्या मागे, डिकीपाशी उभा होता. माझे बोलणे पूर्ण होऊ दिले.

"काका, पहिल्या दिवशी तीनदा दिला तेवढं सोडलं तर मी तुम्हाला स्विच दिलाच नव्हता. सगळं मीच उडवत होतो."

१९ तारखेची तिन्ही उड्डाणे का, असे विचारले. तिन्ही, म्हणाला. चष्मा पुसला ते वर्तुळ? तेही. हे कार्यपद्धतीच्या विरुद्ध आहे, असे मी म्हणालो. हो, म्हणाला. कारण विचारले.

"तुम्ही खूश दिसत होता. मग सांगायचं राहून गेलं."

मी खूश दिसत होतो, याची मला कल्पना नव्हती.

परतताना गोणी मागच्या सीटवर. स्मिताने मागे हात घालून ती सरळ केली. मग म्हणाली, "अनीश म्हणाला ते ऐकलं मी. मलाही भाऊबीजेला तुम्ही तसेच खूश वाटलात. अनारसा हातात घेतलात तेव्हा." पुढे ट्रॅक्टर होता. मी तो मागे टाकला नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

विशेष सभा. अध्यक्षपद रिकामे ठेवता येत नाही. दत्तोपंत कमरेला शेक देत पलंगावरूनच बोलले. दुसरा कोणी हे काम करायला तयार नाही. देवेंद्रला विचारले, तर तो म्हणाला, "मला का फसवून राहिले? पत्रं कोण लिहील?"

त्याने कलम अकरा (ब) मध्ये दुरुस्ती सुचवली: अध्यक्षाला उडवता आले नाही तरी चालेल. दत्तोपंतांनी उशीवरून मान उचलून सुचवले की चालेल एवढे पुरेसे नाही. चर्चा झाली. अनीश खाली बघत होता. सभासदांची शब्दरचना अतिशय ढिली असल्याने शेवटी लेखणी मी घेतली. मंजूर झालेला मसुदा असा: "अध्यक्ष पदावर असेपर्यंत केबलशिवाय उड्डाण करणार नाहीत." पूर्वीच्या वाक्यापेक्षा हे नेमके आहे.

एकमताने मंजूर. माझे मत त्यात आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

गोणी गॅलरीत. अहवाल लिहायला घेतला नाही. उद्या मैदानावर अध्यक्ष म्हणून उपस्थिती पुरेशी आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

स्मिता आली होती. सोबत घडीची खुर्ची.

अनीशने क्लबचे विमान वर नेले. काही न विचारता माझ्या गळ्यात दुसरा ट्रान्समीटर अडकवला आणि पूर्वीसारखाच शेजारी उभा राहिला. केबल माझ्या ट्रान्समीटरमधून निघून त्याच्या पाठीमागे गेली होती. उड्डाणापूर्वी प्रत्येक जोडणी दोन्ही टोकांना तपासावी, असे नियमावलीत मीच लिहिलेले आहे. दुसरे टोक मी तपासले नाही.

डावे वळण आज चांगले आले.