पंधरा संदर्भ आणि एक मुलाखत

२ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. शिस्त लागावी म्हणून.
रिसर्च पेपरचा विषय पक्का झाला: 'छोटी कौटुंबिक दुकानं का बंद पडतात?' गाइड सर म्हणाले, विषय बरा आहे, या वेळी तरी पुरा कर. दोनदा राहिलाय, तिसऱ्यांदा राहिला तर डिग्री विसर. सरांना असं अभद्र बोलायची सवयच आहे. अटी: पंधरा संदर्भ, त्यातले पाच लायब्ररीतले, आणि एका दुकानदाराची मुलाखत. मुदत ३० एप्रिल. म्हणजे चार दिवसांना एक संदर्भ. हसत हसत होईल.

२ मार्च, संध्याकाळ
बाबांनी परत तेच काढलं. हल्ली कुणी शिलाई मशीन दुरुस्तीला उचलून आपल्या दुकानात आणत नाही, मेकॅनिकनेच घरी यावं असं वाटतं. बाबा कुणाच्या घरी गेले की दुकानाला कुलूप, आणि सुया-बॉबिन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक माघारी. तू दुपारचे तीन तास बस, म्हणाले. जागेचा करार एप्रिलअखेर संपतोय. तोवर जम बसला तर ठीक, नाहीतर जागा सोडावी लागेल.
समजावलं त्यांना. पेपर झाला की बसतोच. आधी दुकानं का बंद पडतात ते तर नीट समजू दे!

५ मार्च
लायब्ररी. पंख्याखालची जागा मिळाली, शुभशकुन. ग्रंथपाल बाईंनी कॅटलॉग कसा बघायचा ते दाखवलं. मला येतं, पण त्यांचा मान राखला.
लहान व्यापारावरचं ते जाडजूड पुस्तक, सर ज्याला या विषयाचा पाया म्हणतात, ते इश्यू झालेलं. प्रत एकच. रिझर्व्ह केलं. पायाच नाही तर वर काय बांधणार? घरी येऊन पडलो.

११ मार्च
ऑनलाइन दिवस. सर्च केलं, अठरा लाख रिझल्ट आले. बघूनच धीर आला. सेहेचाळीस पीडीएफ उतरवून घेतल्या. 'वाचायचे' असं फोल्डर केलं, त्यात 'नक्की वाचायचे', त्यात 'आधी वाचायचे'. तिन्हींना वेगळे रंग. मान अवघडली.
आई म्हणाली, आज दुपारी तीन गिऱ्हाइकं कुलूप बघून परत गेली, शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं. आकडा रोचक आहे. पण ऐकीव.

१९ मार्च
पुस्तक अजून परत आलेलं नाही. काय एकेक माणसं असतात! पुस्तक दाबून बसायचं, दुसऱ्याचं वर्ष गेलं तरी चालेल. बाईंना म्हटलं, नाव सांगा, मी बघतो त्याच्याकडे. नियमात बसत नाही म्हणाल्या. ईमेलवर तीन नोटिसा गेल्यात, तो ढिम्म हलत नाही. मग म्हटलं, घरच्या पत्त्यावर पाठवा, चांगली खरमरीत. लाज वाटली पाहिजे त्याला.

२६ मार्च
बाबा जेवताना म्हणाले, मुलाखत हवीय ना, माझी घे. चौतीस वर्षं दुकान चालवतोय. अडीच वाजता ये, तेव्हा मी बाहेर नसेन.
बिचारे. त्यांना कसं सांगू की संशोधनात तटस्थपणा लागतो? शिवाय त्यांचं म्हणणं कुठल्या जर्नलमध्ये छापून आलेलं नाही. बघू म्हटलं.

३ एप्रिल
लायब्ररीचं पत्र आलं. माझ्या नावाने. 'आपण गेल्या वर्षीच्या कार्डावर नेलेल्या पुस्तकासाठी एक गरजू वाचक महिनाभर ताटकळत आहे.'
गरजू वाचक मीच.
कपाटात गेल्या वर्षीच्या नोट्सच्या पिशवीत निघालं. कॉलेजचा ईमेल मी उघडत नाही, त्यात नुसत्या सूचना असतात. असो. म्हणजे पुस्तक महिनाभर माझ्याच ताब्यात होतं. एका अर्थी काम बरंच पुढे गेलेलं आहे.

४ एप्रिल
पुस्तक परत करायला गेलो. बाईंनी पत्र पाहिलं, मला पाहिलं, परत पत्र पाहिलं. पुढच्या महिन्यापर्यंत माझं कार्ड बंद. मी म्हटलं, रिझर्व्हेशन माझंच आहे, मलाच द्या. त्या म्हणाल्या, खरमरीत तुम्हीच सांगितलं होतं.
हॉलमध्ये बसून वाचता येईल म्हणाल्या. पण पंख्याखाली कुणीतरी बसलं होतं.

१२ एप्रिल
युक्ती सुचली. एका पीडीएफच्या शेवटी संदर्भांची यादी होती, ती आख्खी उचलली. एका दमात चौदा संदर्भ! हे आधी का सुचलं नाही?
आईने विचारलं, उद्यापासून तरी दुपारी बसतोस का. बाबांचा गुडघा सुजलाय, दोन्हीकडे धावपळ झेपत नाही. आता ऐन रंगात आलोय, आता कसा उठू?

२० एप्रिल
सरांना यादी दाखवली. त्यांनी चौथा संदर्भ उघडायला लावला. कोंबड्यांच्या साथीवर निघाला. मी म्हटलं, कुक्कुटपालन हाही छोटा व्यवसायच. सरांनी यादी फाडली नाही, पण माझ्या हातात उलटी करून दिली. किमान मुलाखत तरी खरी आण, म्हणाले, एखाद्या माणसाशी बोल.

२७ एप्रिल
चार दुकानदारांकडे गेलो. एकाने बसायला स्टूल दिलं आणि मलाच टेबलफॅन विकायला लागला. बाकीच्यांना वेळ नाही.

२९ एप्रिल, दुपार
नाइलाजाने बाबांकडे गेलो. शटर अर्धं खाली. आत मशिनं दोरीने बांधून ठेवलेली, टेम्पो यायचा होता. करार वाढवला नाही म्हणे. मला कुणी सांगितलं नव्हतं. आई म्हणते, दोनदा सांगितलं.
फॉर्मवर आठ प्रश्न. बाबा सुयांची पाकिटं खोक्यात भरता भरता उत्तरं देत होते. सविस्तर, नीट, जणू बरेच दिवस वाट बघत असल्यासारखी. प्रश्न सात, व्यवसाय बंद होण्याचं मुख्य कारण. हात थांबला त्यांचा. मग म्हणाले, दुपारी बसायला कुणी नव्हतं.
लिहून घेतलं नाही. हे एका माणसाचं मत झालं. रकाना मोकळा सोडला.

३० एप्रिल
सर म्हणाले, बाकी सगळा कचरा आहे, पण ही मुलाखत वाचण्यासारखी आहे. हिच्यावर कसंबसं पास करता येईल. पण सातवं उत्तर कुठंय? पेपरचा प्रश्नच तो आहे. पाचच्या आत भरून आण, खाली दुकानदाराची सही हवी.
रिक्षात बसून भरलं: 'बाजारपेठेतील बदलते प्रवाह'. भरताना वाईट वाटलं. इथे खोटं कशाला लिहू.
बाबा घरी होते. दुपारी या वेळेला घरात बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चष्मा लावून त्यांनी वाचलं. हे मी म्हणालो होतो का, विचारलं. मी म्हटलं, भाषा जरा अभ्यासातली केलीय. त्यांनी परत एकदा वाचलं. एवढ्याने पास होशील ना, म्हणाले. हो म्हटलं.
सही केली. सहीखाली 'व्यवसाय' असा एक रकाना होता. तिथे पेन टेकवून थांबले, आता इथे काय लिहू म्हणाले.
मी म्हटलं, तो ऑप्शनल आहे, राहू द्या.